दात पांढरे करताना कळ का येते, आणि ती कशी टाळायची

ब्लीचिंग जेलमधलं पेरॉक्साइड, म्हणजे दात उजळवणारं रसायन, इनॅमलवरच, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरावरच, थांबत नाही. काही मिनिटांत ते आतल्या नसेपर्यंत पोचतं, म्हणून एखाद्याच दातात अचानक कळ निघते. जेलची ताकद जितकी जास्त आणि ते दातावर जितका वेळ राहील, तितकी कळ जास्त.

म्हणून घरी करायचं तर १० टक्के कार्बमाइड पेरॉक्साइडचं जेल पुरे. त्यातून साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. उजळायला दिवस जास्त लागतात, लागू देत.

खरी तयारी आधीची. कीड, तडा गेलेला दात, निसटलेलं फिलिंग, मागे सरकलेली हिरडी हे सगळं डेंटिस्टकडून आधी तपासून घ्या. उघड्या मुळावर जेल गेलं की कळ ठरलेलीच. ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट दोन आठवडे आधीपासून वापरा. ते नस शांत करतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो.

ट्रेमध्ये, म्हणजे दातांवर बसवायच्या साच्यात, दर दाताला तांदळाच्या दाण्याएवढंच जेल, तेही पुढच्या बाजूला. हिरडीवर आलेलं लगेच पुसा. जेल लावण्याच्या अगदी आधी घासाघीस करून ब्रश करू नका. ठणका लागला तर दोन-तीन दिवस खंड, मग एक दिवसाआड. त्या दिवसांत बर्फाचं पाणी नको. लिंबू आणि कोळशाची पूड तर कधीच नको, त्यानं इनॅमलच झिजतं.

खंड देऊनही कळ थांबत नसेल किंवा एकच दात सतत ठणकत असेल, तर दोष जेलचा नसून त्या दाताचा असू शकतो. तो दाखवून घ्या.