आधी नमुना, मग इंजेक्शन

डुकरं खोकायला लागली किंवा एखादं पिल्लू मान मागे ताणून पाय झाडत पडलं, की आधी अँटिबायोटिक टोचलं जातं. औषध एकदा अंगात गेलं की जंतू कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत पोषक माध्यमावर) वाढेलच असं नाही. म्हणून नुकतंच आजारी पडलेलं, औषध न दिलेलं जनावर निवडा.

नाका-घशाच्या स्वॅबवर विसंबू नका. झटके आणणारा स्ट्रेप्टोकॉकस सुइस हा जंतू धडधाकट डुकराच्या टॉन्सिलमध्येही असतो. तिथे सापडला म्हणून आजार त्याचाच, असं ठरत नाही. झटके येऊन मेलेल्या पिल्लाच्या मेंदूच्या आवरणावरून स्वॅब घ्यावा. खोकल्याच्या आजारात फुप्फुसाचा कडक भाग आणि चांगला भाग जिथे मिळतात, तिथला तुकडा घ्यावा. वरची बाजू तापवलेल्या पात्याने डागून मगच स्वॅब आत घाला, नाहीतर कल्चरच्या प्लेटभर प्रोटियस हा बाहेरचा जंतू पसरतो. एप्रिल-मेच्या पुण्यात शव लवकर कुजतं, तेव्हा दुपारची वाट पाहू नका. स्वॅब अ‍ॅमीज माध्यमात (नेताना जंतू जिवंत ठेवणारं माध्यम) ठेवा, नमुना गोठवू नका, आईसपॅकसोबत त्याच दिवशी औंधच्या रोग अन्वेषण विभागात पोचवा. सोबत वय, लक्षणं आणि दिलेली औषधं लिहून द्या.

प्रयोगशाळेत मेंढीच्या रक्ताचा ब्लड अगार आणि मॅकॉन्की या माध्यमांच्या प्लेटवर नमुना पसरून 37 अंश, 5 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये 24 तास ठेवतात. सुइसच्या बारीक वसाहतींभोवती हिरवट कडा दिसते. जोडीने किंवा छोट्या साखळीत ग्राम-पॉझिटिव्ह (ग्राम रंगात जांभळे दिसणारे) गोलाणू, कॅटालेज चाचणीत हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर बुडबुडे नाहीत. पाश्चुरेला मल्टोसिडा हा फुप्फुसाच्या आजारातला जंतू मॅकॉन्कीवर वाढत नाही, इंडोल चाचणीत पॉझिटिव्ह येतो.

हमखास निसटतो तो अ‍ॅक्टिनोबॅसिलस प्लुरोन्यूमोनिए हा फुप्फुसाच्या आजाराचा जंतू. त्याच्या बहुतेक प्रकारांना एनएडी (वाढीसाठीचं एक द्रव्य) लागतं, ते साध्या ब्लड अगारमध्ये पुरेसं मिळत नाही, आणि अहवालात ‘वाढ नाही’ येतं. नमुना पसरलेल्या प्लेटवर स्टॅफिलोकॉकस या जंतूची एक आडवी रेघ ओढा, तो एनएडी पुरवतो. दुसऱ्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती फक्त त्या रेघेच्या कडेने दिसल्या, तर युरिएज चाचणी (जंतू युरिया फोडतो का ते पाहणारी) लावा. तीही पॉझिटिव्ह आली की संशय पक्का होतो. फुप्फुसाचा नमुना देताना ही रेघ ओढायला आवर्जून सांगा.

अचानक मेलेल्या डुकराच्या नाका-तोंडातून रक्त येत असेल किंवा घसा सुजला असेल, तर शव फाडू नका. तो अँथ्रॅक्स असू शकतो. भराभर मरतुक, जोराचा ताप आणि लालसर कातडी दिसली तर आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा संशय धरून आधी पशुवैद्यकाला बोलवा. बाकी वेळी हातमोजे हवेतच: सुइस हातावरच्या जखमेतून माणसात शिरतो, त्यातून मेंदूज्वर होतो आणि कायमचं बहिरेपणही येऊ शकतं.