शेजारच्या घरचा आकडा

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एका ग्रामीण काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य विभागात मी नर्स आहे. रेडॉन हा जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू; त्यानं फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. तो घरात किती आहे ते तपासायचं किट आम्ही नाममात्र दरात देतो. लोक हौसेनं नेतात, पण प्रयोगशाळेकडे त्यातली थोडीच पोचतात. बाकीची कपाटात पडून राहतात आणि याची मला फार चुटपुट लागते. म्हणून त्या जानेवारीत एका शेतावरच्या घरी मी स्वतःच गेले.

तिथल्या आजींनी आयुष्यात सिगारेटला हात लावलेला नाही. त्यांच्या थोरल्या बहिणीनंही कधी ओढली नव्हती, तरी ती फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेली. तेव्हापासून किट घरात होतं, फोडलेलं नव्हतं. आजोबांचं म्हणणं एकच, "शेजाऱ्यांच्या तपासणीत आकडा दोनच आलाय. जमीन तीच, मग आमच्याकडे वेगळं काय निघणार?"

जमीन तीच, हे खरं. हिमनद्यांनी आणून टाकलेल्या इथल्या मातीत युरेनियमचा अंश आहे. तो विघटित होता होता रेडॉन वायू तयार होतो. राज्याच्या 99 च्या 99 काउंटी सर्वाधिक धोक्याच्या गटात आहेत. पण वायू घरात किती शिरतो, ते त्या घरावर ठरतं : तळघराच्या फरशीला तडे किती, पाइपांभोवती फटी किती. हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढून बाहेर जाते आणि तिच्या जागी खालून मातीतली हवा ओढली जाते. वास नाही, रंग नाही. शेजारच्या घराचा आकडा फक्त शेजाऱ्यांच्या कामाचा.

आजोबा जरा वेळानं मनातलं बोलले. घर विकताना रेडॉनची तपासणी झाली असेल तर ती फॉर्मवर लिहून द्यावी लागते. आकडा कळलाच नाही, तर लिहायचा प्रश्न नाही. ही भीती मी बऱ्याच घरांत पाहते आणि ती खोटी नाही. मी म्हटलं, "घेणारा तपासून घेईलच. तोवर श्वास तुम्ही घेताय."

मग आम्ही तळघरात उतरलो. पाणी उपसायच्या खड्ड्यावर सैल लाकडी झाकण होतं आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर नातवाचा पलंग. शेतीच्या कामाला आलेला तो मुलगा रोज तिथंच झोपायचा. बाहेरच्या भिंतीपासून दूर, स्टुलावर मी किटमधला, रेडॉन शोषून घेणारा कोळशाचा डबा उघडून ठेवला आणि वेळ लिहिली. आधी बारा तास खिडक्या बंद लागतात; इथल्या थंडीत त्या बंदच असतात. ठरलेल्या दिवशी डबा सीलबंद करून लगेच टपालात टाकायला आजींना बजावलं, कारण रेडॉन 3.8 दिवसांत निम्मा होतो. डबा रेंगाळला की तपासणी वाया.

निकाल आला 19.6 पिकोक्युरी प्रति लिटर (हवेतला रेडॉन मोजायचं एकक). अमेरिकेत 4 ला उपाय करायला सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेची पातळी त्याहून कमी, साधारण 2.7. या देशात रेडॉनमुळे वर्षाला सुमारे 21,000 माणसं फुप्फुसाच्या कॅन्सरनं जातात असा सरकारी अंदाज आहे. आजोबांनी कागद दोनदा वाचला आणि आधी नातवाचा पलंग वर हलवला.

कारागिरानं फरशीला भोक पाडून पाइप बसवला, तो छपराच्या वर नेला, मध्ये फरशीखालची हवा बाहेर ओढणारा, चोवीस तास चालणारा पंखा लावला. खड्ड्यावर घट्ट झाकण आलं, तडे बुजवले. पुन्हा तपासलं तेव्हा 1.6.

ते सांगायला फोन केला तर आजींनी आणखी एक किट मागितलं. त्यांच्या चर्चच्या तळघरात दर रविवारी लहान मुलांचा वर्ग भरतो.