वाळवंटातल्या ट्रेकचं सामान : सोलापुरात काय घ्यायचं, भाड्याने काय आणायचं

थंडी जवळ आली की आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर ठरलेले मेसेज चालू होतात, जैसलमेरला चाललोय, स्लीपिंग बॅग भाड्याने कुठं मिळेल, टेंट घेऊ का, अमुक बूट चालतील का. आणि उत्तरं देणारे सगळे हिमालयात जाऊन आलेले, त्यामुळे यादीत डाउन जॅकेट, वॉटरप्रूफ बूट, रेन कव्हर सगळं येतं आणि बिचाऱ्याचा खर्च तिकिटापेक्षा जास्त होतो. थरच्या वाळवंटाला यातलं निम्मं लागत नाही ओ. जे लागतं त्यातलं बरंच आपल्या नवी पेठेत मिळतं.

आधी हे बघा की तुम्ही जाताय कसं. युथ हॉस्टेलसारख्यांचा हिवाळी डेझर्ट कॅम्प असेल किंवा जैसलमेरजवळच्या खुरी, सम या गावांच्या बाजूला उंटवाल्याबरोबर दोन-तीन रात्री असतील तर तंबू, गाद्या, रजया, जेवण साधारण त्यांचंच असतं, बुकिंगआधी फोन करून काय काय देताय ते लिहूनच घ्या. मग तुम्हाला लागते एक छोटी बॅग, बूट आणि कपडे, बस्स. स्वतःच्या पाठीवर सगळं घेऊन चालणार असाल तरच पुढचा सगळा खटाटोप, आणि तेव्हाही सोबत लोकल माणूस घ्याच, कारण पाणी. माणशी दिवसाला चार-पाच लिटर धरायचं म्हणजे पिण्याच्या पाण्याचंच चार-पाच किलो वजन झालं, त्यावर तीन किलोचा टेंट चढवून वाळूत चालून बघा एकदा.

आता भाड्याचं गणित. भाडं असतं दिवसावर, वर डिपॉझिट. पुण्या-मुंबईच्या माणसाला ते परवडतं, आपल्याला नाही, कारण आपण सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने पुणे गाठणार, तिथून सामान उचलणार, मग जोधपूर, मग जैसलमेर, आणि येताना परत तसंच, म्हणजे वापर तीन रात्रींचा आणि मीटर आठवडाभर चालू. पुण्यात गाडी बदलताना उचलायचं आणि येताना तिथंच परत करायचं असं जमत असेल तर ठीक, नाहीतर ते परत द्यायला वेगळी चक्कर पडते. माझा साधा हिशोब असा की एकूण भाडं नव्या वस्तूच्या किमतीच्या निम्म्यावर गेलं की सरळ विकत घ्यायची, नंतर सह्याद्रीत वापरली जातेच. टेंट मात्र भाड्यानेच, किंवा गावातल्या एखाद्या ट्रेकिंग ग्रुपकडून मागून, वर्षातनं एकदा वापरायच्या वस्तूत पैसे अडकवू नका.

टेंट घेताना तो नुसत्या पोलवर उभा राहणारा घ्या. सोबत येतात त्या बारीक खुंट्या वाळूत धरतच नाहीत, जोरात वारं आलं की उपटून हातात येतात. त्यापेक्षा चार रिकाम्या कापडी पिशव्या न्या, त्यात वाळू भरायची, दोरी बांधायची आणि हातभर खोल पुरायची, मग टेंट हलत नाही. भाड्याच्या दुकानात चेन उघड-बंद करून बघा, आधीच्या गिऱ्हाइकाची वाळू तिच्यात बसलेली असली तर ती ऐन रात्री अडकणार.

स्लीपिंग बॅगचं म्हणजे डिसेंबर-जानेवारीत तिकडं दिवसा २४-२५ डिग्री असतं आणि रात्री पारा १० च्या खाली, कधी ४-५ पर्यंत येतो. बॅगेवर डिग्रीचे दोन आकडे असतात, कम्फर्ट म्हणजे जिथवर आरामात झोप लागते तो आणि लिमिट म्हणजे जिथवर कशीबशी रात्र निघते तो, दुकानदार लिमिटचा आकडा सांगून विकतो, तुम्ही कम्फर्टचा बघा. ५ च्या आसपासची पुरते, उणे दहावाली नको. आणि मग सगळ्यांचा लाडका प्रश्न, सोलापुरी चादर चालेल का? सामान उंटावर असेल तर खुशाल दोन न्या, तिच्यासारखी ऊब नाही, पण पाठीवर न्यायची असेल तर घरीच ठेवा, वजनाला फार होते.

खाली अंथरायला हवा भरायची मॅट नको म्हणजे नकोच. तिकडं बोरी-बाभळीचे काटे वाळूत पडलेले असतात, पहिल्याच रात्री पंक्चर. साधी फोमची घडीची मॅट आणि तिच्याखाली ताडपत्रीचा तुकडा, झालं काम.

बूट. हे विकतच घ्यायचे, दुसऱ्याने घातलेले बूट भाड्याने घेणाऱ्यांना माझा लांबून नमस्कार. जाळीचे रनिंग शूज नकोत, जाळीतनं बारीक वाळू आत जाते आणि मोज्यात बसून पाय सोलते. वॉटरप्रूफही नकोत, आत घाम कोंडतो. घट्ट कापडाचे किंवा स्वेडचे, अर्धा नंबर मोठे, कारण चालून चालून पाय सुजतात, आणि संध्याकाळी जाऊनच ट्राय करा. वरून गेटर लावा, म्हणजे बुटाच्या तोंडावर घोट्याभोवती बसणारं कापडी आवरण. गेटर इथल्या दुकानात विचारले तर बघतच राहतात, ते डेकॅथलॉनच्या साइटवरून मागवावे लागतात, नाहीतर शिलाईवाल्याकडून जुन्या छत्रीच्या कापडाचे इलास्टिक लावून शिवून घ्या, तेही चालतात. गेटरचा खरा फायदा वाळूपेक्षा भुरटपासून. भुरट म्हणजे तिकडचं काटेरी बोंडांचं गवत, लोकरीच्या मोज्यात आणि फ्लीसमध्ये असं रुततं की रात्री शेकोटीजवळ बसून एकेक काटा काढत बसायचं. म्हणून वरचा कपडा गुळगुळीत विंडचीटर टाइप बरा.

कपड्यांसाठी कुठल्याही ब्रँडच्या नादी लागू नका. फुल बाह्यांचे सुती शर्ट, कॉलरवाले, आपल्या गावात स्वस्तात मिळतात, युनिफॉर्म शिवणाऱ्यांचं गाव आहे हे. बायकांनी आपला उन्हाळ्यातला सनकोट आणि स्कार्फ घ्यावा, एप्रिलच्या उन्हात आपल्या सात रस्ता चौकात गाडी चालवताना जे चालतं ते थरच्या डिसेंबरात आरामात चालतं. पुरुषांनी पातळ पंचा, डोक्याला, मानेला, वारं सुटलं की नाकातोंडाला. गॉगल मात्र बाजूने बंद असलेला.

स्टोव्ह विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका, गॅस सिलेंडर रेल्वेत न्यायला बंदी आहे, विमानात तर नाहीच नाही. आपली कडक भाकरी आणि शेंगा चटणी कशासाठी आहे मग, आठवडाभर काही होत नाही तिला, फक्त पाणी जास्त लागतं.

आणि कुणी हौसेने गार्मिनचा सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे मोबाइलला रेंज नसली तरी उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र, भाड्याने घ्या म्हणून सांगितलं तर स्पष्ट नाही म्हणा. परदेशातल्या याद्यांमध्ये ते पहिल्या नंबरवर असतं, पण आपल्याकडे परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसलं यंत्र जवळ बाळगणं बेकायदा आहे, विमानतळावर लोकांना पकडलंय त्यापायी. जैसलमेर तर सरहद्दीचा जिल्हा, काही भागात जायलाच परवानगी लागते. त्यापेक्षा पॉवर बँक, ऑफलाइन मॅप आणि घरच्यांकडे उंटवाल्याचा नंबर देऊन ठेवा.