जुन्या ओम्नीचा आवाज कमी करताना

मारुती ओम्नी व्हॅनचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. त्यामुळे आवाज आणि उष्णता दोन्ही थेट बुडाखालून येतात. ही गाडी २०१९मध्ये बंद झाली, म्हणजे कंपनीचं फेल्ट (आवाज-उष्णता अडवणारं जाड अस्तर) अजून टिकून असलं तरी त्याचा भुगा व्हायची वेळ आली आहे. माझ्या गाडीत सीटखालच्या झाकणाचं फेल्ट ऑइल पिऊन लोंबत होतं, फ्लोअरवरचं डांबरी शीट तडकलं होतं.

शीट विकत घेण्याआधी आवाजाचं मूळ शोधावं. न्यूट्रलला सीट थरथरत असेल तर इंजिनचे फाउंडेशन रबर, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकतं ते रबर, दबून गेलेत. ते बदलल्यावरच माझ्याकडे बरीच थरथर गेली. थंड इंजिन चालू करताना फटफट येत असेल तर सायलेन्सरचा किंवा मॅनिफोल्डचा गॅस्केट लीक आहे. हा प्रश्न नुसत्या आवाजाचा नाही, तो विषारी धूर केबिनमध्ये येतो. आधी ते काम.

मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून सीट आणि मॅट बाहेर. डांबरी शीट पहाटेच्या गारव्यात छिन्नीने टवके उडून निघतं. दुपारी तेच पातीला चिकटून बसतं. उरलेल्याला हीट गन, पण खालून पेट्रोलचा पाइप किंवा वायरिंग जातं तिथे अजिबात नाही. शेवटचे डाग रॉकेलने निघतात. त्यावर थिनरचा हात मात्र फिरवायलाच हवा, कारण रॉकेलचा तेलकट थर राहिला तर नवं शीट काही आठवड्यांत सुटतं.

फेल्टखाली गंज सापडणारच. पावसाळ्यात बुटांबरोबर आलेलं पाणी ते धरून ठेवतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकून पाहावा. बद्द आवाज आला तर पॅच वेल्डिंग. बाकी ठिकाणी तारेचा ब्रश, रस्ट कन्व्हर्टर (गंज थोपवणारं रसायन), प्रायमर. प्रायमर पूर्ण वाळू द्यावा, नाहीतर शीटच्या ओढीने तोच सोलून येतो.

नवं शीट २ मिमी ब्युटाइलचं (एक चिकट रबर), वर ॲल्युमिनियम फॉइल. ब्युटाइल म्हणून डांबर खपवलं जातं, म्हणून तुकडा ओढून बघा: ब्युटाइलच्या तारा निघतात, डांबर तुटतं आणि वासही मारतं. सगळा पत्रा मढवायची गरज नाही. या शीटचं काम पत्र्याची झणझण मारणं, आणि त्याला मधल्या सपाट भागाचा साधारण तिसरा हिस्सा झाकला तरी पुरतं. चौरस मीटरला सुमारे ३ किलो वजन पडतं, ते या इंजिनला जाणवतं. रोलर इतका दाबून फिरवायचा की फॉइलवरची नक्षी सपाट झाली पाहिजे. वर ६ मिमीचा बंद छिद्रांचा फोम. साधा स्पंज पाणी पितो आणि पुन्हा गंज.

इंजिनच्या झाकणाचा मामला वेगळा. खालच्या बाजूला डांबर लावलं तर ते वितळून गरम भागांवर ठिबकतं. तिथे ॲल्युमिनियम फॉइल लावलेला ग्लास वूलचा पॅड लावला. नुसतं चिकटवायचं सोल्युशन उष्णतेने सुटतं, म्हणून रुंद वॉशर टाकून रिव्हेट मारले आणि कडा फॉइल टेपने बंद केल्या. पॅड किती जाड चालेल हे कणकेने कळतं: इंजिन गार असताना वरच्या उंच भागांवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले गोळे ठेवून झाकण बंद करायचं, उघडून दबलेली जाडी मोजायची. पॅड त्याहून निदान ५ मिमी पातळ हवा. इंजिन हलतं, हे विसरू नये. गोळे मोजून परत उचलायचे.

सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त फरक पाडला झाकणाच्या कडेच्या रबरी पट्टीने, म्हणजे बीडिंगने. कडेला कागदाची पट्टी धरून झाकण बंद करा. पट्टी सहज सरकत बाहेर आली तर तिथून आवाज येतोच, वर कितीही शीट चिकटवा. गिअरचं बूट (दांड्याभोवतीचं रबरी आवरण) आणि केबलचे ग्रोमेट (पत्र्याच्या भोकातली रबरी कडी) यांतही फट आहे का ते तपासावं.

दरवाज्यात बाहेरच्या पत्र्याला आतून शीट लावताना तळाची पाणी जायची भोकं मोकळी ठेवायची, आणि काच जिथे उतरते तिथे फोम नको. बसवून झाल्यावर गाडी एकदा खंबाटकी घाटासारखा लांब चढ चढवून आणावी आणि इंजिन गार झाल्यावर झाकण उघडून रिव्हेट, टेपच्या कडा आणि जळका वास तपासावा.