सर, तुमचा गेम कोणता?

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी लग्नाकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, "सर, तुमचा गेम नेमका कोणता?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

खेळलो खो-खो. बी.पी.एड. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात केलं. नोकरी लागली तालुक्याच्या कॉलेजात. पाटीवर 'शारीरिक शिक्षण संचालक'. संचालन करायला मी आणि एक शिपाई. कबड्डी, कुस्ती, व्हॉलीबॉल, मैदानी, सगळ्यांचा कोच मीच. बुद्धिबळाच्या संघाचे मात्र मी फक्त डबे सांभाळले. पोरं मला दहा मिनिटांत मात द्यायची.

अर्धी नोकरी पात्रता अर्जांत गेली. गुणपत्रिका, जन्मतारीख, फोटोवर अर्धा शिक्का. एका वर्षी आमच्या सगळ्यात चांगल्या चढाईपटूच्या अर्जावर प्राचार्यांची सही घ्यायलाच विसरलो. तीन तास एसटीत बसून आलेला पोरगा सामनाभर बाहेर बसला. आम्ही हरलो. तो आता हसून सोडून देतो, त्याची आई अजून नाही. प्रवासखर्चाचं बिल तर मार्च उजाडल्याशिवाय निघायचं नाही. तोवर राईस प्लेटचे पैसे आपल्याच खिशातून.

पण सांगायची गोष्ट वेगळीच. खो-खोच्या संघात एक मुलगी होती. पाय वाऱ्यासारखे, पण खो मिळायच्या आधीच उठायची. फाउलवर फाउल. शेवटी तिला म्हटलं, "तू बसूच नकोस, चारशे मीटर पळ."

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मी फक्की मारत होतो, ती टेप धरून होती. बाहेरच्या लेनची फेरी मोठी, म्हणून तिची सुरुवातीची रेघ पुढे. तक्त्याप्रमाणे दुसरीची रेघ पहिलीच्या ७.०४ मीटर पुढे, तिसरीची दुसरीच्या ७.६७ पुढे.

"सर, लेन सगळ्या १.२२ मीटर रुंदीच्याच ना? मग हे दोन आकडे वेगळे कसे?"

पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एन.आय.एस.चा, सहा आठवड्यांचा कोर्स करून आलेला माणूस मी. अकरा वर्षं तोच तक्ता बघून रेघा मारत होतो, हा प्रश्न कधी पडला नव्हता. "पळ आधी," एवढंच म्हणालो.

रात्री नियमपुस्तक काढलं. आतल्या बाजूला कठडा असेल तर पहिल्या लेनची लांबी त्याच्यापासून ३० सेंटिमीटरवर मोजतात, बाकीच्या लेनची आतल्या रेघेपासून २० वर. फरक १० सेंटिमीटरचा, पण पूर्ण फेरीत त्याचे ६३ होतात. इथवर ठीक. पुढच्याच ओळीत होतं: कठडा नसेल तर पहिलीही २० वरच मोजा.

आमच्या मैदानाला कठडा कुठला! फक्कीची रेघ, तीही दुपारपर्यंत वाऱ्याने अर्धी उडालेली. म्हणजे ३० च्या हिशेबाने आखलेली आमची पहिली लेन ६३ सेंटिमीटरने तोकडी होती, आणि तालुक्याच्या शाळांच्या स्पर्धाही दरवर्षी त्याच मैदानावर व्हायच्या.

पहाटे शिपायाला उठवून सगळ्या रेघा नव्याने मारल्या. ती तिसरी आली. मागच्या अकरा वर्षांत पहिल्या लेनमधून कोण कोण जिंकलं, ते मात्र मी शोधायला गेलो नाही.