तुम्ही विचारलंत म्हणून: चिचोलीचा टाइपरायटर

नागपूरच्या दीक्षाभूमीवरून काटोल रोडने चिचोलीच्या शांतिवनात, म्हणजे बाबासाहेबांच्या वस्तू जपलेल्या संग्रहालयात, जाऊन आलेली माणसं हमखास विचारतात, बाबासाहेबांचा टाइपरायटर नुसता काय ठेवायचा, तेल घालून चालू नाही का करता येणार?

करूच नये. तेल घातलं की चार दिवस कळा झपझप चालतात. मग त्या तेलावर धूळ बसते, अक्षरांच्या दांड्या ज्या खाचांतून उठतात तिथे चिकटा जमतो आणि दांड्या अर्ध्यावर अडकतात. रबरी रोलरचं तर विचारूच नका. पारा ४५ पर्यंत चढणाऱ्या आपल्या गावात जुनं रबर दगडासारखं होतं. त्यावर अक्षर आपटलं की कागद फाटतो, इंग्रजी ‘ओ’ तर गोल कापूनच काढतो. रोलर नवा बसवला, तर बाबासाहेबांच्या घरातलं यंत्र तेवढंच कमी झालं.

त्या घरात यंत्राने काय काम केलं, हे मात्र ते न चालवताही समजतं. १९५१ मध्ये मंत्रिपद सोडल्यावर बाबासाहेब दिल्लीत २६, अलीपूर रोडला राहायला आले. मधुमेह होता, पाय दुखायचे. पत्नी माईसाहेब स्वतः डॉक्टर, तब्येत त्याच सांभाळायच्या. बाबासाहेब हाताने लिहीत. त्यांचे सहायक नानकचंद रत्तू दिवसभर सरकारी नोकरी करून संध्याकाळी येत आणि टाइप करत. आता बघा, टाइपरायटरवर मधे ओळ घुसवता येत नाही. एक परिच्छेद वाढला की कार्बन लावून पान पुन्हा पहिल्या ओळीपासून, आणि मजकूर सरकला की पुढचीही पानं. ‘द बुद्धा अँड हिज धम्म’सारख्या ग्रंथात बाबासाहेबांची प्रत्येक दुरुस्ती म्हणजे रत्तूंची आणखी जागरणं. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही याच ग्रंथाची टाइप केलेली प्रस्तावना बाबासाहेबांनी जवळ मागवून घेतली होती. दुसऱ्या दिवशी ते गेले. ग्रंथ १९५७ मध्ये निघाला. रत्तूंचं हे ऋण आपण फार कमी बोलून दाखवतो.

पुढे रत्तूंनीच जपलेल्या वस्तू शांतिवन उभारणाऱ्या वामनराव गोडबोल्यांच्या हाती दिल्या, म्हणून त्या नागपूरजवळ आल्या.

अशा वस्तूंना मऊ, कोरडा ब्रश पुरे. उघड्या हाताने धरायचं नाही, घामातल्या मिठाने लोखंड गंजतं. त्याच वस्तूंमधल्या लोकरी कोटाची कॉलर उलटून, शिवणी उसवल्यात का ते बघायचं. कसर तिथेच अंडी घालते. आणि उन्हाळ्यात माणसांना कितीही उकडलं तरी त्या खोलीत पाण्याचा कूलर लावायचा नाही. ओल्या हवेने आधी कागदाला बुरशी धरते, मग दांड्यांवर गंज चढतो.