तुम्ही विचारलंत म्हणून: लोखंडाच्या जिल्ह्यात शेवाळ उपाशी का?

"सूरजागडचं लोखंड ट्रकानं चाललं, अन् तुमच्या टाक्यातल्या शेवाळाले लोखंड कमी कसं पडते जी?" धानाला हवेतला नत्र मिळावा म्हणून नील-हरित शेवाळ वाढवणाऱ्याला गडचिरोलीत हा प्रश्न चुकत नाही. डोंगरात लोह आहे, मातीतही आहे, मान्य. पण हवा लागली की त्याचा गंज होतो, आणि गंज पेशीच्या कामाचा नाही. पाण्याचा सामू (आम्ल-अल्क मोजणारा pH) एकाने चढला की विरघळलेलं फेरिक लोह साधारण हजारपटीने घटतं. धानाच्या बांधीतल्या चिखलात हवा नसते, म्हणून तिथे लोह विरघळतं. उथळ टाक्यात मात्र उन्हात शेवाळ स्वतःच सामू चढवतं आणि स्वतःचं लोह घालवून बसतं.

"मग ते मरते," असं तुम्ही म्हणता, तिथे माझी हरकत आहे. मरण्याआधी ते बरंच काही करतं. पेशीत फर नावाचं प्रथिन असतं. लोह हाताशी असेपर्यंत ते लोह धरून काही जनुकांवर बसतं आणि त्यांना बंद ठेवतं. लोह तुटलं की फर सुटतं. मग लोह ओढणारे वाहक तयार होतात. ॲनाबीना हे नील-हरित शेवाळ तर शिझोकिनेन नावाचं लोह पकडणारं रसायन पाण्यात सोडतं. इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या फेरेडॉक्सिन प्रथिनाला लोहाचे दोन अणू लागतात, म्हणून त्याच्या जागी बिनलोहाचं फ्लेव्होडॉक्सिन येतं. प्रकाशसंश्लेषणातल्या प्रकाशप्रणाली-1 या प्रथिनसंचाला बारा अणू लागतात, म्हणून तिची संख्याच कमी होते. हे संच तिघे-तिघे जोडून असतात; उरलेल्या प्रत्येक त्रिकुटाभोवती आयसिए प्रथिनाच्या अठरा प्रतींचं कडं बसतं. हे कडं 2001 मध्ये दिसलं.

त्यावरचा पहारा मला सगळ्यात विलक्षण वाटतो. आयसिए जनुकाच्या समोरच्या धाग्यावरून आयएसआरआर नावाचा उलटा आरएनए निघतो. लोह असताना तो आयसिएच्या संदेशाला (प्रथिन बनवायला सांगणाऱ्या आरएनएला) चिकटतो आणि दोघेही नष्ट होतात. सिनेकोसिस्टिस या नील-हरित शेवाळात हे 2006 मध्ये दाखवलं गेलं. टंचाई खरोखर वाढून संदेश या उलट्या आरएनएपेक्षा जास्त झाला, तरच कडं तयार होतं. हे कडं प्रकाश गोळा करण्यासाठी, असं मी ठामपणे सांगत आलो. पण जादा प्रकाशाची ऊर्जा ते उष्णतेत घालवतं, याचेही पुरावे आहेत. कुठलं काम मुख्य, यावर माझं मत अजून डळमळतं.

तरी "मग ते मरते" या तुमच्या काळजीत तथ्य नाही असं नाही. हवेतला नत्र बांधणाऱ्या नायट्रोजिनेज या विकराला लोहाचे तीसहून अधिक अणू लागतात. उपाशी शेवाळ जगेल, पण धानाला नत्र कमी देईल.

आता नुसतं पिवळं दिसलं म्हणून लोह ओतू नका. नत्र तुटलं तरी रंग उतरतो. वर्णपटमापकावर हरितद्रव्याचं शिखर 680 वरून 672-673 नॅनोमीटरकडे सरकलं असेल, तर लोहाचीच शंका धरा. नुसता हिराकस (फेरस सल्फेट) टाकला तर अल्कधर्मी पाण्यात तो लगेच गंजून तळाशी बसतो. म्हणून लोह सायट्रेटसोबत द्या: प्रयोगशाळेत हे शेवाळ वाढवायच्या बीजी-11 माध्यमात लिटरला 6 मिलिग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट आणि 6 मिलिग्रॅम सायट्रिक आम्ल असतं. हजार लिटरला प्रत्येकी 6 ग्रॅम. हे द्रावण वेगळ्या बाटलीत करा. सुपर फॉस्फेटच्या दाट द्रावणात मिसळलंत, तर लोह आणि स्फुरद दोन्ही साक्यात जातील. आणि मापापलीकडे देऊ नका: मोकळं फेरस लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी भिडून पेशी जाळणारे मूलक तयार करतं. फर लोहाची आवक एरवी बंद ठेवतं, ते यासाठीही.